रायगड : पायरीची वाट आणि दोराची वाट

(द्वितीय वर्ष कला, इतिहास)

गड पाहावा तो पायी चढूनच, असे गिरिभ्रमण करणाऱ्या आम्हा मुलांचे एक अलिखित शास्त्र आहे. या शास्त्रानुसार रोपवेने वर जाणारा मनुष्य हा निव्वळ 'पर्यटक' ठरतो, आणि पर्यटक हा शब्द आम्ही ज्या सुरात उच्चारतो तो सूर काही आदराचा नसतो. मी स्वतः रायगड तीन वेळा चढलो. तिन्ही वेळा तारेवरून सरकणाऱ्या त्या पाळण्यांकडे पाहून मित्रांबरोबर यथेच्छ हसलो आहे. गेल्या हिवाळ्यात चौथ्यांदा गेलो तो मात्र त्याच पाळण्यात बसून. समोर माझे वडील होते आणि शेजारी आजी.

प्रस्तुत लेख अभ्यासाचा आहे, सहलीच्या वर्णनाचा नाही. परंतु अभ्यासाचा प्रश्न मला आजीमुळे पडला, तेव्हा आरंभ तिच्यापासूनच करणे भाग आहे.

माझी आजी मूळची बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याची. १९७२ च्या दुष्काळात तिने सरकारी कामावर खडी फोडली आणि पुढच्या वर्षी आजोबांबरोबर ती पिंपरीला आली. येथे कारखाने वाढत होते, वसाहती उठत होत्या. तिने बांधकामांवर पाट्या वाहिल्या. आज आपण ज्या संत तुकाराम नगरात राहतो, ज्याच्या रस्त्यांवरून महाविद्यालयात येतो, त्या परिसरातील काही इमारतींची वाळू आणि खडी तिच्या डोक्यावरून गेलेली आहे. हे ती अभिमानाने सांगत नाही आणि दुःखानेही सांगत नाही. रस्त्याने जाताना एखाद्या इमारतीकडे बोट करून "ह्यो जिना आमचा," एवढेच म्हणते.

१९८० साल हे शिवछत्रपतींच्या तीनशेव्या पुण्यतिथीचे वर्ष. त्या वर्षी वस्तीतील मंडळींनी वर्गणी काढून एस. टी. ठरविली आणि ती रायगडला गेली. (त्या काळी तो जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जाई, रायगड हे जिल्ह्याचे नाव १९८१ पासूनचे.) आजी त्या गाडीत होती. माझे वडील तेव्हा सात महिन्यांचे होते. तान्हे मूल घेऊन कडा चढायचा कसा, असे म्हणून बाकीच्या बायांनी तिला पाचाडला बसविले आणि सगळे वर गेले. दिवसभर ती जिजाबाईंच्या समाधीपाशी झाडाखाली मूल मांडीवर घेऊन गडाकडे पाहत बसली. संध्याकाळी सगळे उतरले, गाडी निघाली, आणि रायगड पाहण्याचे राहून गेले ते राहिलेच. पुढे तिने देहूच्या पालखीबरोबर कितीतरी वर्षे पायी वारी केली. पालखी आपल्याच हमरस्त्याने पुण्याकडे जाते, तिथेच ती सामील होत असे. आता गुडघे गेले आहेत.

दोन वर्षांपूर्वी मी सॅक भरत असताना ती म्हणाली, "मलाबी ने की एकदा रायगडाला."

मी म्हणालो, "आजी, दीड हजारावर पायऱ्या आहेत."

"ती तारेवरची पेटी जाती म्हणं वर."

"त्यात बसून जाणं म्हणजे गड पाहणं नव्हे."

ती काहीच बोलली नाही. मीही सॅकचे पट्टे आवळून निघून गेलो. हे वाक्य मी पुढे पुष्कळदा आठवले आहे, आणि दर वेळी ते मला अधिकच उर्मट वाटले आहे.

असो. या वर्षी आम्हाला इतिहासाच्या स्वाध्यायासाठी एखाद्या दुर्गाचा एकच पैलू निवडून त्यावर टिपण लिहावयाचे होते. मी 'रायगडाची चढणीची वाट' हा विषय घेतला. मनात हेतू सरळ होता : गडाची वाट हाच निम्मा गड असतो, हे सिद्ध करावयाचे. आणि ते सिद्ध होण्यासारखे आहेच. समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंचीचा हा डोंगर मूळचा रायरी. १६५६ मध्ये जावळीच्या मोऱ्यांचा पाडाव झाल्यावर तो महाराजांच्या हाती आला आणि पुढे राजधानी झाला. तीन बाजूंना तुटलेले कडे. चढण्याजोगी बाजू एकच, आणि तीही शत्रूला दमवील अशी बेताने आखलेली. चित दरवाजापासून चढण सुरू होते. खुबलढा बुरुज वाटेवर नजर ठेवून उभा. वाट कड्याला चिकटून अशी फिरते की चढणाऱ्याचा एक खांदा सतत वरच्या माऱ्याखाली राहावा. मग दोन प्रचंड बुरुजांच्या बेचक्यात लपलेला महादरवाजा. समोर जाऊन उभे राहीपर्यंत तो दिसत नाही. ओंडका घेऊन धडक द्यावी तर पळत यायला समोर सरळ जागा नाही. त्या दरवाजातून आत गेल्यावरही राजवाडा येत नाही, आणखी बरीच चढण राहते. महादरवाजापर्यंत पोचलेल्या माणसाच्या छातीचा भाता चालू असतो. गड बांधणाऱ्याला नेमके तेच हवे होते.

टिपण इथपर्यंत सरळ चालले होते. अडचण आली ती ऑक्झेंडनच्या हकिकतीपाशी.

हेन्री ऑक्झेंडन हा मुंबईकर इंग्रजांचा वकील १६७४ च्या उन्हाळ्यात तहाची बोलणी करण्यासाठी रायगडला आला. महाराज तेव्हा प्रतापगडी भवानीच्या दर्शनाला गेले होते, म्हणून त्याला काही दिवस पाचाडला मुक्काम करावा लागला. मग तो वर गेला आणि ६ जून १६७४ चा राज्याभिषेक त्याने पाहिला. दरबाराच्या दाराशी त्याला दोन लहान हत्ती आणि दोन देखणे घोडे उभे दिसले, आणि इतक्या बिकट वाटेने ही जनावरे वर आणली तरी कशी, याचा त्याला मोठा अचंबा वाटला. हत्ती लहान असतानाच, पिल्ले म्हणून चढविले आणि गडावरच वाढविले, अशी परंपरागत समजूत आहे.

हा उतारा वाचेपर्यंत गड चढणे म्हणजे आपण स्वतः, आपले दोन पाय आणि पाठीवरची पाण्याची बाटली, एवढेच माझ्या डोक्यात होते. पण राजधानी ही काही पाण्याच्या बाटलीवर उभी राहत नाही. धान्य, मीठ, तेल, तोफा, दारूगोळा, लाकूड, चुना, राज्याभिषेकाला जमलेल्या हजारो लोकांचा शिधा, सिंहासनाचे सोने, आणि सिंहासनाच्या मालकाचे आप्तइष्ट, हे सारे त्याच वाटेने वर गेले. कोणाच्या तरी डोक्यावरून, खांद्यावरून किंवा पाठीवरून गेले. वाट शत्रूसाठी जितकी अवघड केली तितकीच ती रोज ओझे घेऊन चढणाऱ्या माणसासाठीही अवघड झाली. तट बांधणाऱ्याला हे टाळता येण्यासारखे नव्हते.

मग पाचाडचा वाडा आठवला. उतारवयात जिजाबाईंना गडावरची थंड हवा मानवेना, म्हणून महाराजांनी त्यांच्यासाठी पायथ्याला वाडा बांधला, असे आपण शाळेपासून वाचत आलो. राज्याभिषेक पाहिल्यावर अकराव्या दिवशी, १७ जून १६७४ रोजी, त्या पाचाडलाच निवर्तल्या. त्या राज्याभिषेकाला वर गेल्या त्या पायऱ्या मोजत गेल्या असतील, असे कोणालाही वाटणार नाही. त्या वयात आणि त्या मानाच्या स्त्रीला पालखीच. म्हणजे रायगडाच्या वैभवाच्या दिवशीही दोन तऱ्हेची माणसे गड चढत होती : स्वतःच्या पायांनी जाणारी, आणि दुसऱ्याच्या पायांनी जाणारी. आमच्या गिरिभ्रमणाच्या शास्त्रात जिजाबाईंना काय म्हणावे? पर्यटक?

त्या रात्री मी वडिलांना म्हणालो, "बाबा, रविवारी आजीला घेऊन रायगडला जाऊ. रोपवेनं." वडिलांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. "शास्त्र बदललं वाटतं," एवढेच म्हणाले.

पहाटे निघालो. पौड, मुळशी, ताम्हिणीचा घाट उतरून कोकणात आलो. पाचाडच्या अलीकडे-पलीकडे करीत हिरकणीवाडीला पोचलो तेव्हा ऊन चढले होते. रोपवेचे खालचे स्थानक याच वाडीत आहे. वाडीचे नाव ज्या गवळणीवरून पडले तिची गोष्ट मराठी मुलाला वेगळी सांगावी लागत नाही. कोजागिरीला दूध घेऊन वर गेलेली, दरवाजे बंद झाल्यावर घरच्या तान्ह्यासाठी रात्री कडा उतरून आलेली ती हिरकणी. ही लोककथा आहे, इतिहासाचा पुरावा म्हणून ती मांडता येणार नाही. परंतु खाली मूल आहे म्हणून कडा उतरणारी आई, आणि मांडीवर मूल आहे म्हणून कडा चढू न शकलेली आई, अशा दोघी त्या सकाळी माझ्या मनात एकाच वेळी उभ्या होत्या. आजीला मी हे बोलून दाखविले नाही. ती तिकिटाच्या रांगेत पिशवी सांभाळत उभी होती.

आता थोडे या यंत्राविषयी. रायगडचा रज्जुमार्ग १९९६ मध्ये सुरू झाला. पुण्याच्या जोग कंपनीने तो उभारला. लांबी सुमारे साडेसातशे मीटर आणि चढ चारशे मीटरच्या आसपास. पायऱ्यांनी चांगल्या चालणाऱ्यालाही जिथे दीड तास लागतो तिथे पाळणा चार-पाच मिनिटांत पोचवितो. एका बाजूचे पाळणे वर जातात तेव्हा दुसऱ्या बाजूचे खाली येतात. दोघे एकाच दोराला बांधलेले, म्हणून एकमेकांचे वजन तोलतात. मोटारीला ओढावा लागतो तो दोन बाजूंच्या वजनांतील फरक, आणि वर घर्षण.

माझे वडील भोसरीतील एका कारखान्यात क्रेनच्या देखभालीचे काम करतात. पोलादी दोर हा त्यांचा रोजचा विषय. स्थानकात शिरल्याबरोबर त्यांनी आधी पाळण्याकडे न पाहता वरच्या दोराकडे पाहिले. मी विचारले म्हणून सांगू लागले : बारीक तारांचा एक पेड, अशा पेडांचा मिळून दोर. त्यांच्या क्रेनवर सहा पेडांचा असतो, प्रत्येक पेडात एकोणीस तारा, म्हणजे एकशे चौदा तारा. मधोमध तेलात भिजविलेला ताग किंवा तत्सम गाभा. दोर वाकतो तेव्हा तारा एकमेकींवर घासतात, त्यांना आतून तेल मिळावे म्हणून. तपासणीच्या वेळी ते दोरावरून कापसाचा बोळा फिरवितात. तार तुटली असेल तर कापूस तिला अडकतो.

"साखळी न सांगता तुटते," ते म्हणाले, "एक कडी गेली की सगळं गेलं. दोर सांगून तुटतो. आधी एक तार, मग दुसरी. ऐकणारा माणूस पाहिजे."

घरी येऊन वाचले तेव्हा कळले की पोलादी दोराचा इतिहासही नेमका असाच आहे. जर्मनीतील हार्ट्झ डोंगरातील खाणींत साखळ्या तुटून अपघात होत. त्यावर उपाय म्हणून विल्हेल्म आल्बर्ट या खाणीवरील अधिकाऱ्याने १८३४ मध्ये लोखंडी तारा पिळून दोर केला आणि तो वापरात आणला. त्या आधीचा रज्जुमार्ग तागाच्या दोराचाच. १६४४ मध्ये डान्झिग शहरात आडाम वीबे नावाच्या अभियंत्याने फिरत्या दोराला टोपल्या अडकवून नदीपलीकडच्या टेकडीवरची माती शहराच्या तटबंदीसाठी वाहून आणली. हे वाचून मी थबकलो. किल्ला बांधण्यासाठी दोराची वाट! त्या वर्षी आपल्याकडे शिवाजीराजे चौदा वर्षांचे होते. रायगडाचे बांधकाम व्हायचे होते आणि त्याची माती डोक्यावरूनच जायची होती. माणसांची ने-आण करणारे पाळणे युरोपातल्या डोंगरांवर विसाव्या शतकाच्या आरंभी आले. स्वित्झर्लंडमधील वेटरहॉर्नचा १९०८ चा पाळणा हा त्यांतला एक आरंभीचा.

पण दोराचे शास्त्र आम्हाला त्या दिवशी सर्वांत सोपे करून सांगितले ते आजीने. वडील हाताने खूण करून समजावीत होते की एक दोर वजन पेलतो आणि दुसरा ओढतो, तोच ती मध्ये म्हणाली, "म्हंजी मोटच की."

आम्ही दोघेही तिच्याकडे पाहू लागलो. माझ्या पिढीने मोट चित्रातच पाहिली आहे, म्हणून तिने सांगितले तसे लिहितो. मोटेला दोन दोर. जाड तो नाडा, त्याने मोटेचा भार उचलायचा. बारीक तो सोंदूर, त्याने मोटेची सोंड धरायची. बैलांनी विहिरीपासून दूर चालत जायचे, ती त्यांची धाव. आणि ही धाव उताराची करतात. का? तर बैल ओढतो ते नुसत्या बळाने नव्हे, उताराला चालताना त्याचे अंगही ओढते. खाली जाणाऱ्याच्या वजनावर पाणी वर येते.

"आई, अगदी तेच," वडील म्हणाले. "फक्त बैलांच्या जागी वरून उतरणारी माणसं."

"मंग संध्याकाळी आपुन बैल," आजी म्हणाली, आणि रांगेतील पुढची माणसेही वळून हसली.

दार लागले. एक हिसका बसला आणि जमीन सुटली. आजीने माझे मनगट घट्ट धरले, डोळे मात्र मिटले नाहीत. पायाखालून झाडे गेली, मग वाळलेले गवत, मग काळा कातळ. कातळावर पावसाळ्यातील धबधब्यांच्या पांढुरक्या रेषा होत्या. हिरकणीवाडीची घरे आगपेट्यांएवढी झाली. मधोमध उतरणारे पाळणे आमच्या बाजूने निघून गेले. त्यांतील एका लहान मुलीने हात हलविला आणि आजीने मनगट सोडून तिला हात केला.

मी तेव्हा मनात गणित करीत होतो. साठ किलोचे माणूस चारशे मीटर वर न्यायचे तर किती शक्ती लागते? उत्तर येते ते एका युनिट विजेच्या सुमारे पंधराव्या हिश्शाएवढे. घरातला दहा वॅटचा दिवा साडेसहा तास जळावा, एवढेच. इतक्या क्षुल्लक विजेच्या अभावी ती १९८० साली खाली बसून राहिली होती. आणि इतक्याच कामासाठी, ओझे वेगळे धरून, गडावर पाट्या वाहणाऱ्याचे अंग रोज मोडत होते.

यंत्र सोपे आहे म्हणून ते निर्धोक आहे असे मात्र नव्हे. दार्जिलिंगला २००३ मध्ये पाळणे कोसळून चार पर्यटक दगावले आणि तो मार्ग कित्येक वर्षे बंद राहिला. झारखंडमध्ये देवघरजवळच्या त्रिकूट पर्वतावर एप्रिल २०२२ मध्ये माणसे रात्रभर पाळण्यांत लटकून राहिली. हेलिकॉप्टरने सुटका करावी लागली, आणि तीन जण प्राणास मुकले. वडिलांच्या कापसाच्या बोळ्याचे महत्त्व अशा वेळी कळते. डोंगरावर पाळणा टांगणे हे एकदाचे काम, आणि त्याचा दोर तपासणे हे रोजचे.

वरच्या स्थानकातून थोड्या पायऱ्या चढल्यावर आपण गडात शिरतो तो मेणा दरवाजाने. तीनदा रायगड पाहूनही हा दरवाजा मी कधी लक्ष देऊन पाहिला नव्हता. कारण चालत येणाऱ्याला तो शेवटी, राणीवसा पाहून झाल्यावर, मागल्या बाजूला दिसतो. मेणा म्हणजे पडदानशीन स्त्रियांची बंद पालखी. दोराच्या वाटेने आलेला माणूस राजधानीत प्रवेश करतो तो नगारखान्याच्या भव्य कमानीतून नव्हे, तर मेण्यांच्या दारातून. मी आजीला हे सांगितले. ती उंबऱ्यापाशी थांबली, दगडाला हात लावून तो कपाळाला लावला, आणि काठी टेकीत आत गेली.

यामुळे गड उलटा दिसू लागतो. आधी राण्यांच्या महालांचे चौथरे, मग राजाचा वाडा, मग सिंहासनाची जागा, आणि सर्वांत शेवटी ज्या नगारखान्यातून परक्या माणसाने दबकत आत यावे तो नगारखाना. एखादे नाटक शेवटच्या अंकापासून पाहावे तसे. राजसभेत कोणी नगारखान्यापाशी हळू बोलले तरी सिंहासनापाशी ऐकू येते, हे वडिलांनी मजेने करून पाहिले. पण दुरून येणाऱ्याच्या मनावर त्या दालनाने जो दाब टाकावयाचा तो आमच्यावर पडला नाही. आम्ही सिंहासनाकडूनच आलो होतो! माझ्या टिपणातील पहिला मुद्दा येथे खराच ठरला. दोराने गेलेला माणूस राजधानी पाहतो, दुर्ग त्याला दिसत नाही. खुबलढा नाही, महादरवाजा नाही, छातीचा भाता नाही. गड अजिंक्य का म्हणत, ते त्याला पुस्तकात वाचावे लागते. अर्थात अजिंक्यपणालाही मर्यादा होती. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या, तेव्हा गोळे काही पायऱ्या चढत आले नाहीत. ते दरीवरून सरळच आले, आणि वाट कितीही बेताने आखलेली असली तरी तिचा उपयोग झाला नाही.

होळीच्या माळावरून बाजारपेठेत गेलो. दोन्ही बाजूंना उंच जोत्यांच्या दुकानांच्या ओळी. मार्गदर्शक घोड्यावर बसून खरेदी करण्याची गोष्ट सांगत होता. आजी मात्र जोत्याच्या दगडाजवळ वाकून त्यावरचे छिन्नीचे घाव बोटांनी चाचपत होती. "ही टाकी कसलेल्या हाताची हाय," म्हणाली. मग एकदम : "दगड हितलाच असंल. पर चुना खालून आणला असंल. पाणी वरच हाय का?" मी गंगासागर तलाव दाखविला, हत्ती तलावाचे सांगितले. तळी खणताना निघालेला दगड बांधकामाला वापरला जात असे, हेही सांगितले. तिने मान डोलावली. "मंग शहाना व्हता बांधनारा. निम्मं वझं वाचिवलं."

हिरोजी इंदुलकरांची स्तुती मी पुष्कळ पुस्तकांत वाचली आहे. त्यांचे निम्मे ओझे वाचविण्याचे शहाणपण मला कोणत्याच पुस्तकाने इतक्या थोडक्यात दाखविले नव्हते.

जगदीश्वराच्या देवळापर्यंत जायला आम्हाला चांगला पाऊण तास लागला. चार ठिकाणी बसलो. देवळाच्या पायरीवर हिरोजींच्या नावाचा छोटा शिलालेख आहे. सेवेला तत्पर असलेला हिरोजी, अशा अर्थाचा. आडनावाचे वाचन कोणी इटळकर करतात, कोणी इंदुलकर. एवढी राजधानी उभारणाऱ्याने स्वतःसाठी मागितली ती देवाला जाणाऱ्याचे पाऊल पडेल अशी पायरी, असे सांगितले जाते. मी आजीला अक्षरे वाचून दाखविली. ती त्या पायरीवर पाय न देता बाजूने वर चढली. दर्शन घेऊन, समाधीपुढे डोके टेकून परत आली आणि पुन्हा त्या पायरीशी बसली.

"ह्याचं नाव हाय," ती म्हणाली. "बाकीच्यांचं कुठं हाय?"

मी काय उत्तर देणार? तिने उत्तराची वाटही पाहिली नाही. पिशवीतून भाकरी काढली, ठेचा काढला, आणि आम्ही तिघे तिथेच जरा बाजूला सावलीत बसून जेवलो.

माझा स्वाध्याय त्या पायरीपाशी फिरला. पायी चढणाऱ्याला दुर्ग दिसतो, पाळण्याने जाणाऱ्याला दिसत नाही, असे मी म्हणत होतो. ते अर्धेच आहे. मी तीनदा चढलो तेव्हा मला शत्रूची वाट दिसली, ओझेवाल्याची दिसली नाही. ती दिसायला डोक्यावरून पाटी गेलेली असावी लागते. पाळण्यात बसून आलेल्या आजीला ती जोत्याच्या एका दगडात दिसली.

येथे एक व्यवहाराचा प्रश्न येतो आणि तो टाळू नये. २०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात डोंगराळ भागांतील रज्जुमार्गांसाठी 'पर्वतमाला' ही योजना जाहीर झाली. सप्तशृंगगडावर २०१८ पासून रुळांवरून चढणारी गाडी आहे. सिंहगडाच्या रोपवेचा वाद पुण्यात कित्येक वर्षे चालू आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत रायगड आहे, तेव्हा गर्दी वाढणारच. माझे मत असे की सगळ्या गडांना एकच नियम लावू नये. सप्तशृंग हे देवस्थान आहे, तिथे म्हाताऱ्याकोताऱ्यांना वर नेणे हेच पुण्य. रायगड ही राजधानी होती. तिला मेणा दरवाजा आणि पालखी दरवाजा बांधणाऱ्यांनीच ठेवले होते, म्हणजे दुसऱ्याच्या खांद्यावरून येणाऱ्यांची सोय तिथे पहिल्यापासून गृहीत होती. भोयाच्या खांद्याऐवजी पोलादी दोर आला, तर त्यात गडाचा अपमान मला तरी आता दिसत नाही. मात्र जिथे दुर्गमपणा हाच सारा अर्थ आहे, अशा गडाच्या कड्यावर खांब रोवण्यापूर्वी दहा वेळा विचार व्हावा. आणि ज्याचे गुडघे धड आहेत त्याने रायगडावरही निदान एक वाट पायांनी करावी. मित्रांना हा तह मान्य नाही. त्यांतला एक म्हणाला की मी आता 'निम्मा पर्यटक' झालो.

म्हणून उतरताना मी पायऱ्यांनी निघालो. आई-लेक पाळण्याने. महादरवाजा उतरताना प्रथमच मी पायऱ्यांच्या उंचीकडे पाहत होतो. डोक्यावर ओझे असते तर पाय कुठे टेकावा लागला असता, याचा अंदाज घेत होतो. वाटेत ताक आणि लिंबू-सरबत विकणाऱ्या बाया बसल्या होत्या. एकीला विचारले, सामान वर कसे आणता? "डोईवर," ती म्हणाली, आणि माझ्या प्रश्नाचेच तिला नवल वाटले. मी ताक घेतले, पैसे दिले, आणि तिची हंडी उचलून पाहू का असे विचारले. तिने हसत होकार दिला. मी उचलली, दहा-बारा पायऱ्या चढलो, आणि परत आणून ठेवली. तिच्या जवळची दुसरी बाई मोठ्याने हसली. माझी मान रात्रीपर्यंत अवघडलेली होती.

चित दरवाजापाशी वडील गाडी घेऊन थांबले होते. आजी पुढच्या आसनावर बसली होती. "झालो आम्ही बैल," तिने आल्याआल्या सांगितले. "आमच्या वजनावर चारजन वर गेली बघ."

पाचाडला तिने गाडी थांबवायला लावली. जिजाबाईंच्या समाधीपाशी संध्याकाळची उन्हे तिरपी पडली होती. ती कुंपणाच्या कडेने थोडी फिरली, एका जागी उभी राहिली, मग दोन पावले डावीकडे सरकली. झाड तिथे नव्हते. वर गडाची कड उजळलेली होती. काठीवर दोन्ही हात ठेवून तिने तिकडे बराच वेळ पाहिले. वडील तिच्यामागे चपला हातात घेऊन उभे होते.

"लई रडला व्हतास तू त्या दिशी," ती मागे न वळता म्हणाली.